मे महिन्यात सोलापूर ते कुडल संगम सायकलवर: थांबायचं कधी, ते जोडीदारानं ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघे मित्र, एक सोलापूरचाच, दुसरा मुंबईचा. मुंबईकर शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसून शनिवारी सकाळी सोलापुरात उतरणार आणि रविवारी दोघं सायकलवर हत्तरसंग कुडलला, म्हणजे भीमा-सीनेच्या संगमावर, जाऊन त्याच दिवशी परत येणार. जाऊन-येऊन साधारण ८० किलोमीटर. महिना मे. पावसाळ्यात दोघांनीही शंभर किलोमीटर मारलेले आहेत. निघायचं कधी, पाणी किती न्यायचं आणि मुळात हा वेडेपणा तर नाही ना, असं विचारलंय.

वेडेपणा नाही. मी गेली वीसएक वर्षं इथल्या उन्हात सायकल चालवतोय आणि ८० किलोमीटर सपाट रस्त्याला घाबरण्यासारखं काही नाही. पण तुम्ही जे विचारलं नाही ते मला आधी सांगायचंय. वाटेत थांबायचं कुणी ठरवायचं? पाणी, वेळ, टोपी हे सगळं त्यानंतरचं.

माझा एक जोडीदार आहे, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. शाळेत शिकवतो, मूळचा रत्नागिरीकडचा. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी आम्ही मोहोळहून परत येत होतो. दुपारचे दोन. निघायला उशीर झाला होता, पण पाठीमागून वारा होता म्हणून आम्ही खूश. लांबोटीला थांबून चहा घेतला, मक्याचा चिवडा घेतला आणि निघालो. सायकली कशा पळत होत्या! मास्तर एरवी तोंडाची टकळी चालू ठेवणारा माणूस, तो गप्प झाला. मी म्हटलं, दमला असेल. मग विनाकारण माझ्यावर खेकसला. मी म्हटलं, उन्हानं डोकं तापलंय. पुढे कोंडीच्या आसपास त्यानं मला विचारलं, "अरे, लांबोटी आली नाही का अजून?"

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. लांबोटीचा चिवडा त्याच्याच पिशवीत होता.

मी त्याला थांब म्हटलं तर तो थांबेना. "मला काही झालेलं नाही" हे वाक्य तीनदा बोलला. शेवटी माझी सायकल आडवी घातली, धरून एका धाब्यावर नेलं. तिथं हौद होता. कपड्यांसकट त्याच्यावर बादल्या ओतल्या, टॉवेल भिजवून मानेला, काखेत, जांघेत लावले, धाबेवाल्यानं टेबलफॅन आणून समोर धरला. दरम्यान दुसऱ्या एकानं १०८ ला फोन लावला. वीसेक मिनिटांनी मास्तरनं विचारलं, "मी ओला का आहे?" रात्रभर दवाखान्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. वाचला. पण वाचला तो स्वतःच्या अकलेनं नाही. त्याची अक्कलच त्या तासाभरात वितळली होती.

उष्माघातात हीच तर गोम आहे. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की सगळ्यात आधी मेंदू गडबडतो, आणि "मी ठीक आहे का?" हे ठरवणारा तोच. त्यामुळे ज्याला उष्माघात होतोय त्याचं मत त्या वेळी शून्य किमतीचं. रविवारी पहाटे निघण्यापूर्वी दोघांनी हातावर हात मारून ठरवून टाका: समोरचा "थांब" म्हणाला की थांबायचं. वाद नाही, "पुढच्या गावात थांबू" नाही, राग आला तरी थांबायचं. राग आला असेल तर नक्कीच थांबायचं.

लक्षणं पुस्तकी भाषेत सगळीकडे सापडतात. मी रस्त्यावर काय बघतो ते सांगतो. बोलका माणूस गप्प होणं, सरळ चालवणाऱ्याची सायकल पांढऱ्या पट्टीवर लडबडणं, भर उन्हात अंगावर काटा येणं, बाटली हातात घेऊन प्यायचं विसरणं. "घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही" हा गैरसमज डोक्यातून काढा. मेहनत करताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामानं निथळत असू शकतो. मास्तर निथळत होता. आणि अशा वेळी तापाची गोळी देऊ नका. हा आजारपणाचा ताप नव्हे, त्या गोळीनं तो उतरत नाही. आधी गार करायचं, मग न्यायचं. क्रम उलटा झाला तर गाडीत लागणारा अर्धा तास महागात पडतो. आणि शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

त्या दिवसाची दुसरी चूक पाठवाऱ्याची. हे नवख्यांना पटत नाही. वारा मागून ताशी वीस किलोमीटरनं येतोय आणि तुम्हीही वीसच्या वेगानं चाललाय, तर तुमच्या अंगाला वारा लागतो किती? शून्य. घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर तो नुसता ओघळून वाया जातो. समोरून वारा असला की आपण शिव्या घालतो, पण मे महिन्यात तोच आपल्याला जिवंत ठेवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारनंतर वारा बहुतेक पश्चिमेकडून असतो. मोहोळ-पंढरपूरकडून दुपारी परतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तुमचा रस्ता उत्तर-दक्षिण, म्हणजे वारा आडवा मिळेल. ते बरं आहे, फक्त ट्रक बाजूनं गेला की सायकल झोकांडते, तेव्हा हँडल घट्ट.

आता सोलापूरचं ऊन आणि मुंबईचं ऊन. तुमचा मित्र म्हणेल, "आमच्याकडे किती घामटं असतं, हे तर कोरडं आहे." अर्धं बरोबर आहे. हवा ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक साधारण २३ अंश दाखवतो. कोकणात ३४ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर तोच ३० दाखवेल. म्हणजे आपल्या उन्हात ओलं कापड खरोखर गार करतं, तिकडे ते नुसतं ओलं राहतं. पूर्वी जीप-ट्रकच्या पुढे कॅनव्हासची छागळ लटकलेली असायची, तिचं पाणी गार व्हायचं ते याच न्यायानं. बाटलीला जुना सुती मोजा चढवून तो ओला ठेवा, रस्त्यानं जाताना पाणी पिण्याजोगं राहतं.

पण याच कोरडेपणात फसवणूक आहे. घाम निघतो तसा वाळतो, त्यामुळे आपल्याला घाम येतोय हेच मुंबईकराला कळत नाही. तासाला लिटरभर सहज जातो आणि शर्ट कोरडा. संध्याकाळी पाठीवर मिठाचे नकाशे उमटलेले दिसतात तेव्हा हिशेब लागतो. शिवाय शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात; रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. एसीत बसणाऱ्या माणसाला शनिवारी उतरून रविवारी हे सगळं मिळत नाही. येण्याआधी दोन आठवडे तो रोज संध्याकाळच्या उकाड्यात तासभर चालला किंवा सायकल मारली तर खूप फरक पडतो. शनिवारी दुपारी त्याला खरेदीला हिंडवू नका. चादरी रविवारनंतरही मिळतात.

निघायचं पहाटे पाचला. मेच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आसपास उगवतो, म्हणजे पहिला अर्धा तास अंधारात. मागचा लाल दिवा चालू ठेवा. सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागलात की सैफुल, सोरेगाव मागे पडेपर्यंत उजाडतं. वडकबाळला सीनेचा पूल. उन्हाळ्यात नदीकडे बघून ही पावसाळ्यात पुलाला टेकते यावर विश्वास बसणार नाही. मंद्रूपला चहा, पाण्याच्या बाटल्या पुन्हा भरणं, आणि मग पुढे मुख्य रस्ता सोडून आत कुडलकडे. थांबत-थांबत गेलात तरी साडेआठपर्यंत संगमावर.

आणि मग तिथंच राहायचं. संध्याकाळी सव्वापाचपर्यंत. हे ऐकून लोक नाराज होतात. "साडेआठला पोचलो तर नऊला निघून बाराला घरी येऊ की." याच वाटेवर माणसं आडवी होतात. सकाळची ताकद सरलेली, उन चढतं, आणि घर जवळ येतंय म्हणून कुणी थांबत नाही. आठ तास बसायचं जिवावर येत असेल तर कुडल सोडा. मंद्रूपपर्यंत जा, चहा प्या, नऊच्या आत घरी या. तेही छान आहे. अधलंमधलं करू नका.

वेळेबद्दल अजून एक. घड्याळात बारा वाजले म्हणजे सोलापुरात माध्यान्ह झाली असं नाही. भारतीय प्रमाणवेळ आपल्या पूर्वेकडच्या रेखांशाची आहे, त्यामुळे इथं सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या थोडा आधी. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर तो अगदी बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पायाशीच गडप होते. पण हवा सगळ्यात तापते ती तीन-साडेतीनला, कारण जमीन तापून मग ती हवेला तापवते. काळी माती आणि डांबर दोन्ही उष्णता धरून ठेवतात. म्हणून "चार वाजले, ऊन उतरलं" म्हणून निघणारा माणूस खरं तर दिवसाच्या वाईट तासांतच निघतो. सूर्य तिरपा झालेला असतो, पण रस्ता खालून भाजत असतो.

पाणी. प्रत्येकी तीन लिटर घेऊन निघा, मंद्रूपला पुन्हा भरा. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथल्या माणसाला पाणी मोजायला शिकवावं लागत नाही, पण मुंबईकराला सांगा: चालवताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर, दर पंधरा मिनिटांनी चार घोट. फार ऊन असेल तर लिटरपर्यंत. त्याहून जास्त नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळतं, डोकं दुखतं, आणि माणूस समजतो की पाणी कमी पडलं म्हणून आणखी पितो. मी हे एका तगड्या पोराच्या बाबतीत बघितलंय. दिवसभरात दहा लिटर प्यायला आणि संध्याकाळी ओकायला लागला.

म्हणून निम्मं पाणी मीठ-साखरेचं. औषधाच्या दुकानातून ओआरएसची पुडी घेताना जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असलेली मागा. एका लिटरला २०.५ ग्रॅमची ती साधी पुडी. रंगीत खोक्यातलं गोड पेय नको. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त टाकण्याची हौस करू नका. वर लिंबू पिळा. तपासणी अगदी सोपी आहे: लघवी फिकट लिंबू सरबतासारखी असली तर ठीक, गोडेतेलासारखी दिसायला लागली तर तुम्ही मागे पडलाय. दुपारपर्यंत झालीच नाही, तर संध्याकाळी सायकल टेम्पोत टाका.

खाण्याबाबत मी जरा हट्टी आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही सोलापूरची शान खरी, महिनाभर टिकते, पिशवीत चुरा झाली तरी चालते. पण सुकलेल्या तोंडानं ती उन्हात खाऊन बघा, घास गिळत नाही आणि पाव लिटर पाणी त्यातच संपतं. तीच भाकरी ताकात कुस्करा, वर थोडी चटणी, पाच मिनिटं भिजू द्या. याच्या तोडीचं सायकलवाल्याचं जेवण मला अजून कुठे मिळालेलं नाही: पाणी, मीठ, जोंधळा, दही, शेंगदाणे, सगळं एका वाटीत. सकाळच्या टप्प्यासाठी आईला किंवा बायकोला ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील करायला सांगण्यापेक्षा स्वतः करा, दहा मिनिटांचं काम आहे. पीठ आदल्या रात्री ताकात भिजवायचं, पहाटे उकळत्या पाण्यात सोडून ढवळायचं, मीठ, जिरं. थर्मासमध्ये भरा. धपाटेही चालतात. भजी, मिसळ आणि "एक थंड बीअर" यांना त्या दिवशी रामराम. रसवंतीचा रस जरूर, पण बर्फ बाहेरचा असेल तर बिनबर्फाचा. उन्हात पोट बिघडणं म्हणजे दुहेरी पाणी जाणं.

कपड्यांचं उत्तर शेतात बघा. मे महिन्यात आपल्याकडे शेतात राबणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोकं-कान फडक्यानं बांधतात. त्यांना कुणी त्वचातज्ज्ञानं सांगितलेलं नाही. सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. अंगाला चिकटलेली काळी जर्सी फोटोपुरती बरी. हेल्मेटखाली पातळ पंचा ओला करून, मानेवर टोक सोडून. सोलापूरचा टर्की टॉवेल प्रसिद्ध असला तरी डोक्यावर तो नको, जड होतो. तो पिशवीत ठेवा, दुपारी भिजवून छातीवर टाकायला आणि वेळ आलीच तर मास्तरसारख्याला गुंडाळायला.

कुडलला आठ तास करायचं काय? मला विचाराल तर हाच दिवसाचा गाभा आहे. भीमा आणि सीना इथं भेटतात. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ मधला मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते आणि सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी त्यावर काम केलंय. जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मास्तर मान वर करून अर्धा तास अक्षरं लावत बसला होता आणि मी दगडावर आडवा. बाहेर चाळीसच्या पुढे पारा असताना त्या जाड दगडाच्या आत पाठ टेकली की कळतं, जुन्या लोकांनी एवढा दगड का रचला. हरिहरेश्वराच्या देवळातलं बहुमुखी शिवलिंग बघा. झोपा. देवळात भाविक येत-जात असतात, तेव्हा सायकल आणि ओले कपडे बाजूला, पाय धुऊन आत, ही साधी रीत पाळा. मंदिरात जागा नसेल तर झाडाखाली, पण पत्र्याच्या शेडखाली नको. पत्रा वरून सावली देतो आणि खालून भट्टीसारखा भाजतो.

नदीत उतरायचा मोह होईल. गुडघ्यापर्यंत ठीक. पोहायला जाऊ नका, कितीही पट्टीचे असलात तरी. वाळू उपशामुळे भीमेच्या पात्रात कुठे कंबरभर आणि कुठे दोन पुरुष खोल खड्डा, वरून काही कळत नाही. शिवाय उजनी धरणातून याच नदीत पाणी सोडलं की उन्हाळ्यातही पात्र अचानक भरतं.

सायकलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हवा पहाटे भरताना टायरवरच्या कमाल आकड्याला भिडवू नका, थोडी कमी ठेवा, तापल्यावर दाब वाढतो. सायकल उन्हात उभी करू नका. आतल्या रस्त्यांवर बाभळीचे काटे आणि सराटे, मुख्य रस्त्यावर फुटलेल्या ट्रकटायरच्या बारीक तारा. दोन ट्यूब आणि पंक्चरचं सामान न्या, पण सोल्यूशनची नळी नवी घ्या. जुनी उन्हाळ्यात आतल्या आत वाळलेली असते आणि हे नेमकं रस्त्यावर कळतं.

परतीच्या वाटेवर पश्चिमेकडे ढग उभे राहिलेले दिसले तर वळवाची शक्यता धरा. आधी वावटळ, धूळ, मग गार वारा, मग विजा. गार वाटलं म्हणून दामटू नका. एकट्या झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात किंवा दुकानात शिरा. अर्ध्या-पाऊण तासात तो निघून जातो आणि नंतरचा रस्ता, मातीचा वास आणि सगळं, तुमचाच.

सव्वापाचला निघालात तर मंद्रूपपर्यंत उजेड असतो, वडकबाळच्या पुढे अंधार. शेवटचे दहा-बारा किलोमीटर दोघांनी एकामागे एक, जो जास्त दमलाय तो पुढे. पुढे का, तर मागच्याला तो दिसत राहतो. दमलेला मागे असला तर कधी गळाला तेच कळत नाही.

डोकं ठिकाणावर आहे का हे तपासायला मास्तरनं त्या प्रकारानंतर एक परीक्षा ठरवली होती: दर थांब्यावर सतराचा पाढा. दोन-तीन फेऱ्यांत लक्षात आलं की तो मला घरी पंख्याखाली बसूनही येत नाही. दोनदा त्यानं मला धडधाकट असताना झोपवून ओलं केलं. आता आम्ही मागे पडलेली गावं उलट्या क्रमानं विचारतो.